घाट चढण्याआधीचं इंजेक्शन

आमची गुहागरला नारळी-पोफळीची वाडी आहे आणि वाडीतच चार खोल्यांचं घरगुती निवास. येणारे पाहुणे जाताना आमच्याविषयी लिहून जातात, मोदक कसे होते, पाणी गरम होतं का, रात्री डास होते का. मी ते सगळं वाचते आणि त्यातून सुधारतेही. स्वतः कुणाविषयी लिहायला मी पहिल्यांदाच बसले आहे. ज्या रुग्णालयाविषयी लिहितेय त्याचं नाव देत नाही, कारण तिथल्या डॉक्टरांनीच तसं सांगितलं. म्हणाले, "वहिनी, नाव नको. आमच्याकडे अतिदक्षता विभागात मोजून पाच खाटा. त्यापेक्षा लोकांनी आपल्या जवळच्या रुग्णालयात काय काय विचारून ठेवायचं, ते लिहा." चिपळूणच्या रस्त्याला लागलं की वाटेत ते लागतं, एवढं सांगितलं तरी आमच्या भागातल्या लोकांना कळेल.

जानेवारीतली गोष्ट. सुपारीचे दिवस, पडवीत असोलीचे ढीग, सोलायला बायका आठला यायच्या होत्या. हे पहाटे साडेपाचला पंप लावायला वाडीत गेले. पावणेसहाच्या सुमाराला पाटाचं पाणी माझ्या न्हाणीपाशी यायला हवं होतं, ते आलं नाही म्हणून मी बघायला गेले. हे विहिरीच्या कठड्यावर बसले होते, बनियन घामाने डबडबलेलं. जानेवारीत, पहाटे. म्हणाले, छातीवर वरवंटा ठेवल्यासारखं वाटतंय, आणि जबडा ओढतोय.

आदल्या रात्री पाहुण्यांबरोबर जेवण जड झालं होतं. पित्त असेल असं दोघांनाही वाटलं. सहा वाजून पाच मिनिटांनी जवळच्या एका दवाखान्यात पोचलो. तिथे पित्ताचं इंजेक्शन दिलं, नाकाला ऑक्सिजन लावला आणि पडून राहायला सांगितलं. ईसीजीचं मशीन होतं, पण रोल संपला होता. ॲस्पिरिनची गोळी दिली नाही. पाऊण तास आम्ही तिथे भिंतीवरचं घड्याळ बघत काढला. ही पंचेचाळीस मिनिटं मला आजही टोचतात, आणि पुढे जे कळलं त्यानंतर जास्तच टोचतात. त्या दवाखान्याचंही नाव लिहीत नाही. मी स्वतः जाऊन त्यांच्याशी बोलले आहे, रोल आता असतो.

शेवटी पुतण्याने गाडी काढली. (१०८ ला फोन करायला हवा होता, हे नंतर डॉक्टरांनी समजावलं. गाडीत वाटेत हृदयाचा ठोका बिघडला असता तर पुतण्या काय करणार होता? रुग्णवाहिकेत शॉक द्यायचं यंत्र असतं.) सात वीसला आम्ही त्या छोट्या रुग्णालयाच्या दारात होतो.

इथून पुढे मी वेळा लिहिते, कारण माझ्या मते या जागेची खरी परीक्षा तिथेच आहे. केसपेपर, पैसे, आधार कार्ड, यातलं काहीही न विचारता सिस्टरने यांना थेट आत घेतलं. सात सव्वीसला ईसीजीची पट्टी हातात होती. डॉक्टरांनी ती गुलाबी चौकडीची पट्टी माझ्यासमोर धरली. छातीच्या मधल्या तारांच्या ओळींत, जिथे रेघ ठोक्यानंतर खाली येऊन सपाट व्हायला हवी, तिथे ती खाली येतच नव्हती; वर चढून उलट्या वाटीसारखी डोंगर करून पुढे जात होती. मला ईसीजीतलं काही कळत नाही, पण तो डोंगर बघून काहीतरी मोठं अडलंय एवढं कळलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या समोरच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी आहे, रस्ता पूर्ण बंद झालाय.

सिस्टरने तोवर यांना ॲस्पिरिन चावायला दिलं होतं. गिळायचं नाही, चावायचं. त्याबरोबर रक्त पातळ ठेवणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या चार गोळ्या. माझी लेक बी. फार्म. करते, तिने नंतर सांगितलं की १९८८ साली सतरा हजारांहून जास्त रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात नुसत्या ॲस्पिरिनने पहिल्या पाच आठवड्यांतले मृत्यू जवळपास चौथ्या हिश्शाने कमी झाले होते. एवढी स्वस्त गोळी. माझ्या घरात डोकेदुखीच्या चार प्रकारच्या गोळ्या होत्या, ही नव्हती.

मग डॉक्टरांनी मला आणि पुतण्याला बाजूला घेतलं. अँजिओप्लास्टी, म्हणजे बारीक नळीतून फुगा घालून वाहिनी उघडणं, हा सगळ्यात चांगला उपाय, पण ती होणार घाटावर, आणि कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला पोचून प्रत्यक्ष टेबलावर जाईपर्यंत अडीच-तीन तास जाणार. दोन तासांच्या आत ती होणार नसेल तर आधी इथेच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं आणि मग पुढे पाठवायचं, हाच नियम. लगेच प्रश्न सुरू झाले: कधी पक्षाघाताचा झटका आला होता का? मेंदूत रक्तस्राव? पोटात अल्सर, काळी शौच? महिन्याभरात काही ऑपरेशन? पडून डोक्याला मार? कारण हे औषध कुठली गुठळी चांगली आणि कुठली वाईट ते ओळखत नाही. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका थोडा असतोच. हे त्यांनी लपवलं नाही. सही घेताना कागदावर बोट ठेवून, तो शब्द मराठीत सांगून सही घेतली.

फ्रीजमधून त्या इंजेक्शनची, टेनेक्टेप्लेजची, डबी काढली. यांना काट्यावर उभं करायची सोय नव्हती, मला वजन विचारलं. अडुसष्ट. त्याप्रमाणे पस्तीस मिलिग्रॅम, एकाच दमात, दहा सेकंदांत शिरेतून. सात एक्केचाळीस. दारात पाऊल टाकल्यापासून एकवीस मिनिटं.

आता माझी चूक सांगते. यांच्या नाकाला नळी नाही हे बघून मी सिस्टरवर आवाज चढवला, "ऑक्सिजन का काढलात?" डॉक्टरांनी बोटातल्या चिमट्यावरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दाखवला, सत्त्याण्णव. नव्वदच्या खाली गेला असता तर लावला असता, म्हणाले. चांगला असताना वरून देऊन फायदा नाही. स्वीडनमध्ये २०१७ साली सहा हजारांवर रुग्णांवर हेच तपासून झालंय. तेव्हा मला ते पटलं नाही. इतकी वर्षं सिनेमात आणि दवाखान्यात बघितलेलं चित्र डोक्यात पक्कं असतं.

सव्वाआठच्या पुढे मॉनिटरवरची रेघ एकदम बदलली. अरुंद टोकदार ठोक्यांच्या जागी ओळीने रुंद, बोजड ठोके येऊ लागले. मी ओरडले. डॉक्टर मॉनिटरपाशीच उभे होते, यांच्या मनगटावर त्यांचं बोट. "थांबा. रक्तदाब चांगला आहे. हे बहुतेक रस्ता उघडल्याचे ठोके आहेत. याला औषध द्यायचं नाही, आपोआप जातील." दोन-तीन मिनिटांत गेले. तेवढ्यात हे म्हणाले, वरवंटा उचलला कुणीतरी. पावणेनऊला दुसरा ईसीजी काढला. डोंगर निम्म्याहून खाली बसला होता. तो बसला नसता तर वेगळी धावपळ होती, घाटावर पोचल्या पोचल्या तातडीची अँजिओप्लास्टी. त्यामुळे माझ्या लेखी दुसरा ईसीजी वेळेवर काढणं हे पहिल्याइतकंच महत्त्वाचं, आणि त्यांनी तो वेळेवर काढला. दोन्ही पट्ट्यांच्या झेरॉक्स काढून दिल्या, कारण त्या कागदावरच्या रेघा काही काळाने पुसट होतात. त्या मी वाडीच्या सात-बाराच्या फाइलमध्ये ठेवल्या आहेत.

सव्वानऊला मॉनिटरवाल्या रुग्णवाहिकेतून, सोबत डॉक्टर घेऊन घाट चढलो. घाटावरच्या रुग्णालयाचं मी थोडक्यात सांगते. काम चोख. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे चोवीस तासांच्या आत, अँजिओग्राफी झाली, वाहिनी उघडी होती पण एका जागी फार अरुंद, तिथे स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवला. नातेवाइकांना बसायला मात्र जागा नाही, मी रात्र जिन्यात काढली. डिस्चार्जचा कागद अख्खा इंग्रजीत. शेतकऱ्याच्या बायकोने कुठली गोळी कधी थांबवायची नाही हे त्यातून कसं शोधावं? लेक होती म्हणून निभावलं.

पण मला लिहायचंय ते पंधरा दिवसांनी खाली आमच्या छोट्या रुग्णालयात तपासणीला गेलो त्या दिवसाविषयी. डॉक्टरांनी आम्हाला चाळीस मिनिटं दिली. बाहेर रांग होती, तरी दिली. शंभर रुपये तपासणीची फी.

इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाच्या पंपाची ताकद पंचेचाळीस टक्के आली होती, साधारण पंचावन्नच्या वर हवी. मी विचारलं, रस्ता तर उघडला, रक्त सुरू झालं, मग कमी का? त्यांनी कागदावर हृदयाची भिंत काढली, तीन थरांची. रक्त थांबलं की मरण आतल्या थरापासून सुरू होतं आणि लाटेसारखं बाहेरच्या थराकडे सरकतं. १९७७ साली अमेरिकेत रायमर आणि जेनिंग्ज यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगात हे दाखवलं. पहिल्या वीस-एक मिनिटांत रक्त परत आलं तर जवळपास सगळं वाचतं, नंतर दर मिनिटाला थोडं थोडं हातचं जातं, आणि काही तासांनी वाचवायला फार उरत नाही. मी मनात लगेच त्या पाऊण तासाचा हिशेब केला. डॉक्टरांनी तो माझ्या चेहऱ्यावर वाचला असावा. म्हणाले, आता त्याचा काच लावून घेऊ नका, यांच्या बाहेरच्या थरातलं बरंच वाचलंय.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला कधीच माहीत नव्हतं. रक्त परत येणं हेच स्नायूला वाचवतं, पण परत येताना ते थोडी इजाही करतं. अडलेल्या काळात पेशींत आम्ल साठतं, ताकद संपते, कॅल्शियम आत कोंडतं. एकदम ताजं रक्त आलं की त्यातल्या ऑक्सिजनपासून जाळणारे कण तयार होतात, आम्ल झर्रकन धुतलं जातं, कॅल्शियमचा पूर येतो. पेशीचं जे वीजघर असतं, मायटोकॉन्ड्रिया, त्याच्या भिंतीत भोकं उघडतात. स्नायूचा तंतू आखडून जातो आणि फुटतो. हे सगळं पहिल्या काही मिनिटांत. शिवाय मोठी वाहिनी उघडली तरी केसाएवढ्या बारीक वाहिन्या सुजून, गाळाने बंद राहू शकतात. वरून पाणी वाहतंय आणि मुळापर्यंत थेंब नाही, असं होतं.

मी म्हटलं, डॉक्टर, हे आम्हाला वाडीत रोज दिसतं. पंप बिघडून आठ दिवस शिंपणं झालं नाही की पोफळीची आळी भेगाळतात. त्यानंतर पहिल्या दिवशी पूर्ण पाणी सोडलं तर आळ्याचा काठ फुटतो, माती वाहते, बारीक मुळं उघडी पडतात. म्हणून मी पाटाच्या तोंडाशी मातीचा गोळा ठेवते, जरा पाणी सोडते, बंद करते, परत सोडते. तसं हृदयाला नाही का करता येत?

ते खुर्चीत पुढे सरकून बसले. म्हणाले, नेमका हाच विचार झालाय. २००३ साली कुत्र्यांवर करून बघितलं: वाहिनी उघडल्यावर अर्धा मिनिट चालू, अर्धा मिनिट बंद, असं तीनदा. मेलेला भाग खरोखर कमी झाला. मग माणसांत अँजिओप्लास्टीच्या फुग्याने तसं करून बघितलं. छोट्या अभ्यासांत आशा वाटली. पण डेन्मार्कमध्ये बाराशे चौतीस रुग्णांवरचा अभ्यास २०१७ मध्ये आला, त्यात मृत्यू आणि हृदय निकामी होऊन भरती होणं यांत फरक पडला नाही. "तुमच्या आळ्याला एक दिवस उशिराने पाणी पोचलं तरी चालतं. इथे हळू सोडण्यापायी उशीर झाला तर त्यातच जास्त मरतं. म्हणून आम्ही पूर्ण उघडतो आणि लवकर उघडतो."

माझ्या भावोजींनी व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला होता, रोज दंडाला बीपीचा पट्टा बांधून फुगवला-सोडला की हृदयाचं रक्षण होतं, यंत्राची किंमत अमुक. तोही मी दाखवला. डॉक्टरांनी तो शेवटपर्यंत बघितला. त्यामागे खरं विज्ञान आहे, म्हणाले. १९८६ साली असं आढळलं की कुत्र्याच्या हृदयाची वाहिनी आधी पाच-पाच मिनिटं चार वेळा अडवली आणि मग चाळीस मिनिटं बंद ठेवली, तर नुकसान एरवीच्या चौथ्या हिश्शाएवढंच होतं. थोडी थोडी तंगी सोसून स्नायू तयार होतो. पुढे कळलं की ही तयारी लांबच्या अवयवातूनही करता येते, हाताचं रक्त थोडा वेळ अडवून. २०१० साली डेन्मार्कमध्ये रुग्णवाहिकेतच पट्टा बांधून बघितला, तेव्हा जास्त स्नायू वाचतोय असं दिसलं. सगळ्यांना फार उमेद वाटली. मग ब्रिटन, डेन्मार्क, स्पेन आणि सर्बिया मिळून ५,४०१ रुग्णांचा मोठा अभ्यास झाला. २०१९ मध्ये निकाल आला: वर्षभरानंतर काहीच फरक नाही. सायक्लोस्पोरिन नावाच्या औषधाचंही तेच झालं, २००८ मध्ये आशा, २०१५ मध्ये मोठ्या अभ्यासात फायदा नाही. "शोध चालू आहे. ज्या दिवशी सिद्ध होईल त्या दिवशी मी करेन. आज तुमच्याकडून त्याचे पैसे घेणार नाही."

मला या माणसाविषयी आदर वाटला तो इथे. इंजेक्शन वेळेवर दिलं, त्यासाठी ऋणी आहेच. पण कशाचा उपयोग होत नाही हे इतकं सरळ सांगणारा डॉक्टर मी आधी पाहिला नव्हता. बिल परत काढून बघितलं: ऑक्सिजन नाही, 'हृदय बळकट' करणारी टॉनिकं नाहीत, जीवनसत्त्वांच्या बाटल्या नाहीत. सगळ्यात मोठा आकडा त्या एका इंजेक्शनचा.

यांना तो आधीच्या तंगीचा मुद्दा फार लागला. आठवडाभर आधीपासून शिडीवरून नारळ उतरवताना छाती भरून यायची, थांबलं की जायची, आणि मला सांगितलं नव्हतं. "म्हणजे त्याने माझं हृदय तयार झालं असेल?" असं त्यांनी उत्साहाने विचारलं. डॉक्टर कडक झाले. असेलही थोडं. पण ती घंटा होती, त्या आठवड्यात ईसीजी काढून औषधं सुरू केली असती तर कदाचित त्या पहाटे कठड्यावर बसायची वेळ आली नसती.

पंचेचाळीस टक्क्यांचंही त्यांनी समजावलं. त्यात सगळा स्नायू मेलेला नसतो. काही नुसता सुन्न झालेला असतो, जिवंत आहे पण काम करत नाही. तो आठवड्या-महिन्यांनी जागा होतो. त्यासाठी गोळ्या रोज, वेळेवर: ठोका आवरणारी, रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन. त्या दोन गोळ्या स्टेंट नवा असताना स्वतःच्या मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. हे त्यांनी यांच्याकडून तीनदा म्हणून घेतलं. तंबाखू बंद. चालणं आधी पडवीत, मग वाडीत, मग समुद्रावर. तीन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, इको परत केला. बावन्न टक्के.

कमतरता सांगायला हव्यात. संडास स्वच्छ नाहीत. औषधाचं दुकान रात्री दहाला बंद होतं. तातडीची औषधं आत असतात, पण बाकीच्यासाठी धावावं लागतं. वजनकाटा खाटेजवळ हवा; मला वजन आठवलं नसतं तर? फोन कधी कधी कुणी उचलत नाही. हे चारही मुद्दे मी त्यांना लेखी दिले आहेत, वजनकाटा लगेच आला.

डॉक्टरांनी विचारून ठेवायला सांगितलेले प्रश्न असे: ईसीजी रात्रीही निघतो का आणि तो वाचणारं कोणी आहे का, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन फ्रीजमध्ये आत्ता आहे का, की मागवावं लागतं, पुढे पाठवायचं तर घाटावर कुठल्या डॉक्टरांशी बोलणं ठरलेलं आहे, रुग्णवाहिकेत मॉनिटर आणि शॉकचं यंत्र आहे का. मी आमच्या चारही खोल्यांच्या दारामागे १०८, त्या रुग्णालयाचा नंबर आणि इथून लागणारी मिनिटं लिहून लावली आहेत. आमच्याकडे पुण्या-मुंबईचे साठीच्या पुढचे पाहुणे बरेच येतात.

रात्री जाणार असाल तर पाटी दिसत नाही, फणसाच्या झाडामागे गेली आहे. पांढऱ्या कुंपणाच्या शेवटी डावीकडे वळा, पुढचं मोठं दार बंद असतं तिकडे थांबू नका. उजव्या बाजूच्या उताराने गाडी थेट आत नेता येते, घंटा तिथेच भिंतीवर आहे. ती वाजवली की सिस्टर स्वतः खाली येते.